साठ अर्ज गेले, उत्तर एकाचंही नाही

वाचकांचे प्रश्न

परदेशात इंग्रजी शिकवण्याबद्दल या वेळी पुष्कळ पत्रं आली आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे: अर्ज केले, समोरून काहीच हालचाल नाही. ज्यांच्या उत्तराचा इतरांनाही उपयोग होईल अशी काही पत्रं इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : शिवाजी विद्यापीठातून इंग्रजी विषय घेऊन एम.ए. केलंय, बी.एड. आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चार वर्षं पाचवी ते आठवीला शिकवतोय. १२० तासांचा ऑनलाइन टेफल (परक्यांना इंग्रजी शिकवण्याचा) कोर्सही केला. कोरिया, जपान, चीन, व्हिएतनाम, थायलंड इथल्या साठेक जाहिरातींना अर्ज केले. होकार सोडा, साधा नकारही आला नाही. माझं इंग्रजी कमी पडतंय का? (राजारामपुरी)

उत्तर : तसं समजायला काही आधार नाही. बहुतेक ठिकाणी तुमचं इंग्रजी कुणी तपासलेलंच नाही. अर्ज अडला तो पासपोर्टच्या रकान्यात.

शाळांना शिक्षक शोधून देणाऱ्या रिक्रूटरला पैसे शाळेकडून मिळतात, तेही शिक्षक रुजू झाल्यावर. ज्याला व्हिसा मिळणार नाही अशा उमेदवारामागे घालवलेला वेळ त्याच्या दृष्टीने बुडीत. म्हणून मेल उघडला की तो तीन गोष्टी बघतो: नागरिकत्व, पदवी आणि कधी रुजू होऊ शकता. पहिल्याच गोष्टीवर अडलं तर तो पुढे वाचत नाही, आणि नकार कळवत बसायला त्याला सवड नसते. काही एजन्सींच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये तर यादीतून देश निवडला की अर्ज आपोआप बाजूला पडतो, माणसाच्या नजरेखालून जातही नाही. त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या देशाचा व्हिसाचा नियम वाचणं हे पहिलं काम. तुम्ही निवडलेले पाचही देश त्या दृष्टीने पाहू.

कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा ई-२. तो अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात भारतीय शिक्षकांना सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून वाट ठेवलेली आहे. त्यासाठी पदवी आणि शिक्षकाची पात्रता दोन्ही लागतात. पण नोकरीच्या साइटवर दिसणाऱ्या कोरियाच्या जाहिराती बहुतांशी 'हागवॉन'च्या, म्हणजे खासगी क्लासच्या असतात. त्यांना ही सवलत लागू नाही. तिथे पाठवलेले तुमचे सगळे अर्ज वाया गेले असं धरा.

चीनमध्ये भाषाशिक्षकाच्या वर्क परमिटसाठी ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचा नागरिक, पदवी आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव ही चौकट आहे. त्यात जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि क्लासमधल्या जागा एकदम आटल्या. भारतीय शिक्षकाला तिथे वाट आहे ती आंतरराष्ट्रीय शाळेत विषयशिक्षक म्हणून, इंग्रजी संभाषणाचा शिक्षक म्हणून नव्हे.

जपानचा नियम वेगळा आहे आणि आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो. शाळेत भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी ती भाषा तुमची मातृभाषा नसेल, तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला कोल्हापूरचा मुलगा या अटीत बसू शकतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि पुढे बी.ए., एम.ए. इंग्रजी असा प्रवास असेल तर वर्षांची बेरीज भरत नाही. तुमचं कसं आहे ते पत्रात नाही. इंग्रजी माध्यम असेल तर शाळा आणि ज्युनिअर कॉलेज दोन्हीकडून माध्यमाचा उल्लेख असलेला दाखला आत्ताच घेऊन ठेवा आणि सीव्हीत पहिल्याच भागात ते लिहा. न लिहिल्यास समोरचा 'बसत नाही' असंच धरून चालतो.

व्हिएतनामचा नियम तुमच्या बाजूचा आहे. तिथल्या भाषा केंद्रांत मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांनाही शिकवता येतं. पदवी इंग्रजीतली असेल तर उत्तमच. दुसऱ्या विषयातली असेल तर सी-१ म्हणजे वरच्या पातळीचा भाषेचा दाखला आणि शिकवण्याचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. म्हणजे तुमची एम.ए. आणि बी.एड. तिथे वजनदार आहे. तरीही उत्तर येत नाही याचं एक कारण कटू आहे: काही केंद्रांना पालकांना दाखवायला गोरा चेहरा हवा असतो. हा सरळ भेदभाव आहे, त्याला दुसरं नाव नाही. पण सगळी केंद्रं तशी नसतात, आणि इंग्रजीतून गणित-विज्ञान शिकवणाऱ्या खासगी शाळा तर बी.एड. झालेला माणूस शोधत असतात.

थायलंडमध्ये भारतीय आणि फिलिपिनो शिक्षक मोठ्या संख्येने काम करतात. तिथल्या जाहिरातीत 'एनईएस' लिहिलं असेल तर मातृभाषा इंग्रजीवाले, 'नॉन-एनईएस' लिहिलं असेल तर आपण. पगारही दोघांचा वेगवेगळा छापलेला असतो. पदवी, नोकरीसाठीचा नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा, वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती परवानगी असा क्रम आहे. मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांकडून टोइक किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर मागतात. तुमच्या पत्रात तो कुठेच दिसत नाही, आणि थायलंडचे अर्ज अडण्याचं ते पुरेसं कारण आहे. दोन्ही स्कोअर दोन वर्षं चालतात, म्हणून फार आधीही देऊन ठेवू नका.

आता तुम्ही ज्या देशांकडे वळलाच नाहीत ते. संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहारीन, सौदी इथे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा भरपूर आहेत आणि मालदीवच्या शाळा वर्षानुवर्षं भारतीय शिक्षक घेत आल्या आहेत. या ठिकाणी टेफलला कुणी फारसं विचारत नाही. विचारतात ते बी.एड. आणि वर्गातला अनुभव, आणि हे दोन्ही तुमच्याकडे आहे. आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यांच्या मुलाखती साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चालतात. ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात उघडतात आणि जानेवारीपासून माणसं शोधायला लागतात. त्यांचा पगार जास्त, चुरसही जास्त. थायलंडची सत्रं मे आणि नोव्हेंबरमध्ये सुरू होतात, तेव्हा अर्ज फेब्रुवारी-मार्च आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायला हवेत. जुलैमध्ये दुबईला, सोंगक्रानच्या सुट्टीत बँकॉकला किंवा टेटच्या सणात हनोईला मेल टाकला तर तो न वाचलेल्या मेलच्या ढिगात खाली जातो आणि खालीच राहतो.

आणखी एक. साठ जाहिराती म्हणजे साठ शाळा नव्हेत. एकाच शाळेची जागा चार एजन्सी छापतात. तुमचा सीव्ही एकाच शाळेकडे तीन एजन्सींमार्फत पोहोचला की कमिशन कुणाचं हा वाद नको म्हणून शाळा तो सीव्हीच बाजूला ठेवते. साधी वही करा: तारीख, देश, शाळेचं नाव, कुणामार्फत पाठवलं, नागरिकत्वाची अट काय. शाळेचं नाव सांगायला तयार नसलेल्या एजन्सीला 'मला विचारल्याशिवाय सीव्ही पुढे पाठवू नका' असं लेखी कळवा.

प्रश्न : माझा बायोडेटा सोबत पाठवलाय. दोष काढा, राग येणार नाही. (कसबा बावडा)

उत्तर : वाचला. माहिती चांगली आहे, मांडणी मात्र इथल्या भरतीच्या फॉर्मची आहे.

सुरुवात नावापासून. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि पुढे आईचं. तुम्ही तोच क्रम सीव्हीत ठेवलाय. परदेशातला माणूस पहिला शब्द हेच तुमचं नाव धरतो, मेलमध्ये तुम्हाला आडनावाने हाक मारतो आणि फाइलही त्याच नावाने करतो. मग पासपोर्टची प्रत आली की नाव जुळत नाही. पासपोर्टमध्ये 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे दोन रकाने आहेत. सीव्ही, मेल, टेफलचं प्रमाणपत्र, आयईएलटीएसचा फॉर्म, सगळीकडे पासपोर्टमधलंच नाव, त्याच स्पेलिंगमध्ये. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी पदवी माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा अशी स्थिती असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि लागत असल्यास नावबदलाचं राजपत्र हाताशी ठेवावं, आणि सीव्हीत एका ओळीत पूर्वीचं नाव लिहून टाकावं.

वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, छंद आणि शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र काढा. फोटो, जन्मतारीख आणि नागरिकत्व मात्र आशिया आणि आखातासाठी राहू द्या, तिथे ते मागतातच. नागरिकत्व लपवलं तर वाचतील, असा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. व्हिसाच्या टप्प्यावर ते उघड होतंच, आणि तोवर दोन्हीकडचे आठवडे फुकट गेलेले असतात.

तुमचा सीव्ही दोन रकान्यांच्या रंगीत डिझाइनमध्ये आहे. दिसतो छान, पण एजन्सीचं सॉफ्टवेअर दोन्ही रकाने एकाच ओळीत वाचतं आणि अनुभवात पत्ता मिसळतो. प्रिंट काढून स्कॅन केलेली पीडीएफ तर त्याला नुसतं चित्र वाटते. तपासायची सोपी रीत: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल तेच समोरच्या यंत्राला दिसतं. साधा एका रकान्याचा, दोन पानांचा सीव्ही करा. फाइल दोन एमबीच्या आत हवी, तिच्या नावात तुमचं नाव आणि विषय हवा. सध्या ती 'न्यू बायोडेटा फायनल २' या नावाने आली आहे.

'६२ टक्के' एवढंच लिहिलंय. ज्या देशांत ८० टक्के म्हणजे बरे समजतात तिथे हा आकडा कमी वाटतो. 'प्रथम श्रेणी' लिहा आणि कंसात ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते हे सांगा.

अनुभवाची ओळ सर्वांत महत्त्वाची आणि तीच सर्वांत पातळ झाली आहे. तुम्ही लिहिलंय: 'इयत्ता ७ वी व ८ वीला इंग्रजी विषयाचे अध्यापन केले.' इयत्ता कुठल्या वयाची, वर्गात किती मुलं, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही. असं लिहा: '१२ ते १४ वयोगट, प्रत्येक वर्गात सरासरी ५५ विद्यार्थी, आठवड्याला २८ तासिका, राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन दिवस ध्वनींवर आधारित वाचनवर्ग.' आकडे अर्थात तुमचे स्वतःचे घाला. ५५ मुलांचा वर्ग सांभाळणं ही आपल्याकडच्या शिक्षकाची खरी कमाई आहे, आणि ती लिहायचीच राहून जाते.

मेलचा विषय 'नोकरीसाठी अर्ज' असा नको. पद, शहर, तुमची पात्रता आणि कधीपासून येऊ शकता, हे त्या एका ओळीत बसवा. आतला मजकूर १२०-१५० शब्दांचा. 'आदरणीय महोदय, सविनय विनंती की' या धाटणीचं इंग्रजी भाषांतर पहिल्याच ओळीत आलं की पुढचं वाचलं जात नाही. पहिल्या दोन वाक्यांत नागरिकत्व, पदवी, बी.एड., अनुभव आणि रुजू होण्याची तारीख येऊ द्या. तारीख लिहिण्याआधी नेमणूकपत्रात नोटीस किती महिन्यांची आहे ते बघा. 'ताबडतोब' लिहायचं आणि मुलाखतीत तीन महिने सांगायचे, यात जागा जाते. मोबाइल नंबरच्या आधी ९१ लावा आणि त्याच नंबरवर व्हॉट्सॲप ठेवा. बँकॉक आणि हनोई आपल्या दीड तास पुढे, दुबई दीड तास मागे. तिथे सकाळी कामाला बसताना मेल वर दिसेल अशा बेताने पाठवा.

आठवडाभराने एक आठवण पाठवा, त्याच मेलच्या खाली, दोन ओळींची. त्यानंतर दहा दिवसांनी आणखी एक. मग सोडून द्या. रोज विचारणा करणाऱ्याचा मेल थेट स्पॅममध्ये टाकला जातो.

प्रश्न : एका एजंटने थायलंडच्या शाळेत 'गॅरंटीड' जागा सांगितली. दीड लाख आधी भरायचे, टुरिस्ट व्हिसावर जायचं, वर्क परमिट तिथे गेल्यावर. घरचे सोनं मोडायला तयार आहेत. (इचलकरंजी)

उत्तर : सोनं मोडू नका. एक पैसाही भरू नका.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी पोर्टलवर आहे. तिथे नाव, परवाना क्रमांक आणि परवाना चालू आहे की संपलाय, सगळं दिसतं. कार्यालयातल्या भिंतीवर लावलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका, स्वतः पोर्टलवर बघा. परवाना मुंबईतल्या कंपनीचा आणि पैसे घेणारा तिचा 'सब-एजंट' असा प्रकार आपल्या भागात फार चालतो. सब-एजंटला कायद्याने मान्यता नाही. नोंदणीकृत एजंटलाही सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दीड लाख हा आकडाच सांगतो की माणूस कायद्याबाहेरचा आहे.

टुरिस्ट व्हिसावर शिकवणं थायलंडमध्ये गुन्हा आहे. पकडले गेलात तर दंड, परत पाठवणी आणि पुढच्या प्रवेशावर बंदी हे सगळं शिक्षकाच्या वाट्याला येतं, एजंट इथेच असतो. याहून भीषण गोष्टही घडलेली आहे: थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तेव्हा आमिष संगणकाच्या नोकऱ्यांचं होतं, पण पद्धत हीच: आधी पैसे, टुरिस्ट व्हिसा, कागद नंतर.

एजंटला तीन गोष्टी लेखी मागा: शाळेचं नाव आणि पत्ता, शाळेच्या स्वतःच्या डोमेनवरून आलेलं ऑफर लेटर, आणि नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसासाठी शाळेने दिलेली कागदपत्रं. टाळाटाळ झाली तर समजून जा. पैसे आधीच दिले असतील तर पावती, बँकेची नोंद आणि व्हॉट्सॲपचे संदेश जपून ठेवा, पोलिसांत तक्रार द्या आणि ई-मायग्रेटवरही नोंदवा.

प्रश्न : शाळेने 'अटेस्टेड डिग्री' मागितली आहे. माझ्याकडे गुणपत्रिका आहेत आणि पदवी लॅमिनेट करून फ्रेममध्ये आहे. नोटरी केली तर चालेल का? (गडहिंग्लज)

उत्तर : नोटरी पुरेशी नाही, आणि लॅमिनेशन ही खरी अडचण आहे. शिक्का आणि स्टिकर मूळ पदवीच्या मागच्या बाजूला लागतात, प्लास्टिकवर ते घेत नाहीत. स्वतः सोलायला जाऊ नका, शाई प्लास्टिकबरोबर निघून येते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पदवीच्या दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा.

साधारण क्रम असा: विद्यापीठाकडून पदवीची पडताळणी, मग राज्य शासनाचं साक्षांकन, त्यासाठी मुंबईत मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय. हे शेवटचं काम २०१९ पासून दिल्लीबरोबर मुंबईसह इतर शहरांतही होतं. इथून पुढे दोन वाटा फुटतात. देश कागदपत्रांच्या मान्यतेच्या हेग कराराचा सदस्य असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे त्या करारातलं साक्षांकन, पुरतं. भारत २००५ पासून त्यात आहे, ओमान, बहारीन, सौदी, जपान, कोरियाही आहेत. अमिराती, कतार आणि कुवेत नाहीत, तिथे त्या देशाच्या दूतावासाचं साक्षांकन आणखी लागतं आणि खर्चाचा मोठा वाटा तोच असतो. अपॉस्टिलची सरकारी फी दर कागदाला ५० रुपये आहे. बाकी जे घेतात ते एजन्सीचं सेवाशुल्क, म्हणून दोन ठिकाणी दर विचारा. काही एजन्सी राज्य शासनाऐवजी दिल्लीतून एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) सहीची जवळची वाट सुचवतात. शैक्षणिक कागदाला ती सगळे देश मानत नाहीत, तेव्हा शाळेकडून लेखी होकार आल्याशिवाय त्या वाटेने जाऊ नका.

पोलिस पडताळणीचा दाखला वेगळा. तो पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढायचा, फी ५०० रुपये. तो सहसा सहाच महिने ग्राह्य धरतात, म्हणून ऑफर आल्यावर काढा. पदवीचं काम मात्र ऑफरची वाट न बघता सुरू करा. पडताळणी, मंत्रालय, दूतावास मिळून सहज महिना-दीड महिना जातो आणि शाळा तेवढं थांबत नाही. शिक्षण दूरस्थ पद्धतीने झालं असेल तर आखाती शाळेला ते आधीच सांगा. तिथे पदवी नियमित की दूरस्थ हे विद्यापीठाकडून लेखी मागवलं जातं.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम. व्याकरण पक्कं आहे, पण उच्चारांमुळे व्हिडिओ पाठवायला कचरते. अमेरिकन ॲक्सेंटचा क्लास लावू का? (कागल)

उत्तर : लावू नका. उसना ॲक्सेंट दोन मिनिटांत सुटतो आणि मग कृत्रिमपणा तेवढा लक्षात राहतो. शाळेला हवं ते एवढंच: मुलांना तुमचं बोलणं कळलं पाहिजे. मराठी माणसाच्या बोलण्यात तीन-चार जागा अडतात, त्यांवर काम केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पहिली जागा शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. आपण 'पेन' म्हणताना हवा सोडत नाही, आणि परक्या कानाला ते 'बेन' ऐकू जातं. ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरा. 'पेन' म्हटल्यावर ती हलली पाहिजे. 'टेन' आणि 'केक'लाही हवेचा तसाच झोत हवा. दुसरी, व्ही आणि डब्ल्यू. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात कुठेच टेकत नाहीत. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आरशात बघून म्हणा. तिसरी, एफ. आपण दोन्ही ओठ मिटून 'फ' म्हणतो, तिथे पुन्हा दात आणि ओठ. चौथी म्हणजे आघात. मराठीत प्रत्येक अक्षर साधारण सारख्या जोराने उच्चारलं तरी चालतं, इंग्रजीत शब्दातल्या एका भागावर जोर नसेल तर ऐकणारा अडखळतो. शब्दकोशात आघाताची खूण असते, वर्गात रोज वापरायचे शंभरेक शब्द त्या खुणेसह पाठ करा.

व्हिडिओ ९० सेकंदांचा पुरे. मोबाइल आडवा, खिडकी तुमच्या समोर, पाठीमागे साधी भिंत, आणि आवाजासाठी इअरफोनचा माइक. पंखा बंद करा, त्याची घरघर आवाजात उतरते. वाचून दाखवू नका, डोळे ओळीवरून सरकताना दिसतात. नाव, गाव, काय शिकवता, कोणत्या वयाच्या मुलांना, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात एखादा शब्द किंवा खेळ मुलांसमोर आहात तसा शिकवून दाखवा. बघणाऱ्याला खरं हवं असतं ते हे शेवटचं अर्धं मिनिट. शाळेतल्या मुलांचे चेहरे पालकांच्या परवानगीशिवाय व्हिडिओत घेऊ नका.

प्रश्न : टेफल कोणता करावा? ९९९ रुपयांतही मिळतोय. (शाहूपुरी)

उत्तर : बी.एड. असेल आणि आखात किंवा मालदीव हे लक्ष्य असेल तर टेफलवर पैसे घालूच नका, आयईएलटीएस ॲकॅडेमिक द्या. बी.एड. नसेल आणि व्हिएतनाम, थायलंडकडे जायचं असेल तर किमान १२० तासांचा, प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव असलेला कोर्स. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिकवण्याच्या कोर्समध्ये निरीक्षकासमोर किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, म्हणून त्याचा मान वेगळा. तो महाग आहे आणि मेहनतीचाही. ९९९ रुपयांच्या प्रमाणपत्राने १२० तासांची चौकट कागदावर भरते, पण वर्गात उभं राहायला त्याचा उपयोग होत नाही. आणि कुठलाच टेफल पासपोर्टची अट ओलांडून देत नाही, विकणारा काहीही म्हणो.

प्रश्न : मालदीवमधून ऑफर आली! सही करण्याआधी काय बघू? (जयसिंगपूर)

उत्तर : मनापासून अभिनंदन. कराराच्या मसुद्यात हे शोधा: पगार कोणत्या चलनात आणि कोणत्या तारखेला, घरभाडं धरून की वेगळं, आठवड्याच्या तासिका किती, सुट्टीतल्या महिन्यांचा पगार मिळतो का, जाण्यायेण्याचं तिकीट कोण देणार, व्हिसा आणि वैद्यकीय विम्याचा खर्च कुणाचा, मुदतीआधी नोकरी सोडल्यास काय भरावं लागेल. बेटाचं नाव करारात असलंच पाहिजे. माले शहरात राहणं आणि दूरच्या बेटावर राहणं यात भाडं, किराणा, दवाखाना सगळंच वेगळं पडतं. त्याच शाळेत सध्या असलेल्या एखाद्या भारतीय शिक्षकाशी बोलणं करून द्या म्हणून शाळेलाच विचारा, चांगली शाळा लगेच नंबर देते. मूळ पासपोर्ट स्वतःकडेच राहील, असं लेखी घ्या. आणि इथल्या शाळेचा राजीनामा वर्क परमिटची मंजुरी हातात आल्यावरच द्या, तोवर नुसती तोंडी कल्पना पुरे.